आर्मेरो १९८५ : लहान उद्रेक, बर्फाची टोपी आणि दोन जुन्या नोंदी

१/
१३ नोव्हेंबर १९८५. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया या देशात, अँडीज पर्वतरांगेतील ‘नेवादो देल रुईझ’ या ज्वालामुखीचा रात्री उद्रेक झाला. शास्त्रज्ञांच्या मापाने तो मोठा नव्हता. १९८० साली अमेरिकेतील माउंट सेंट हेलेन्सने जेवढा शिलारस बाहेर फेकला, त्याच्या जेमतेम ३ टक्के शिलारस या उद्रेकात बाहेर आला. तरीही पहाट होईपर्यंत २३,००० हून अधिक माणसे मरण पावली होती. त्यांतील बहुतेकांची घरे ज्वालामुखीच्या मुखापासून ७० किलोमीटरहून अधिक अंतरावर होती. त्यांच्यापर्यंत लाव्हा पोहोचलाच नाही. पोहोचला तो चिखल.

२/
या धाग्यात दोन प्रश्नांचा शोध घ्यायचा आहे. पहिला प्रश्न निसर्गाचा : एवढ्याशा उद्रेकातून एवढा चिखल आला कोठून? दुसरा प्रश्न इतिहासाचा : याच नदीतून असाच चिखल पूर्वी दोनदा आला होता, दोन्ही वेळा त्याची लेखी नोंद झाली होती; मग त्याच जागी सुमारे २९,००० वस्तीचे शहर उभे कसे राहिले, आणि त्या रात्री ते झोपलेले कसे होते? पहिल्याचे उत्तर समजून घेतल्याशिवाय दुसऱ्याचे गांभीर्य ध्यानात येत नाही. म्हणून आरंभ बर्फापासून करू.

३/
‘नेवादो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ हिमाच्छादित. रुईझ विषुववृत्तापासून अवघ्या ५ अंशांवर आहे. परंतु त्याची उंची ५,३०० मीटरपेक्षा अधिक असल्याने माथ्यावर बारमाही बर्फ असते. १९८५ मध्ये या हिमटोपीचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस किलोमीटर होते. तिच्या कडांवरून लागुनिया, आसुफ्रादो, ग्वाली, चिंचिना अशा नद्यांचे उगम होतात. या नद्या अरुंद, खोल दऱ्यांतून वेगाने उतरतात. पूर्वेकडच्या नद्या माग्दालेना नदीच्या उष्ण, सपाट खोऱ्यात बाहेर पडतात. लागुनिया जेथे डोंगर सोडून मैदानात येते, तेथे नदीच्या तोंडाशीच आर्मेरो वसलेले होते.

४/
आता थोडे भौतिकशास्त्र. बर्फ वितळवणे हे वाटते तितके सोपे काम नाही. शून्य अंशावरच्या १ किलो बर्फाचे शून्य अंशावरचे पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी जवळपास ८० अंशांपर्यंत तापवता येते. म्हणजे ज्वालामुखीवर बर्फ आहे, एवढ्यानेच पूर येत नाही. उष्णता बर्फाच्या किती पृष्ठभागावर पसरते आणि किती वेगाने आत शिरते, यावर सारे अवलंबून असते. ज्वालामुखी आणि बर्फ यांची गाठ मुख्यत्वे तीन प्रकारे पडते, आणि प्रत्येक प्रकाराचा परिणाम निराळा असतो.

५/
पहिला प्रकार : उद्रेक बर्फाच्या खाली होतो. याचे माहेरघर म्हणजे आइसलंड. ३० सप्टेंबर १९९६ रोजी तेथील वात्नायोकुल या प्रचंड हिमनदीखाली उद्रेक सुरू झाला. शेकडो मीटर जाडीचे बर्फ खालून वितळू लागले आणि ते पाणी ग्रिम्सव्होत्न या बर्फाखालच्या सरोवरात साठत गेले. पाच आठवड्यांनी, ५ नोव्हेंबर रोजी, ते हिमनदी उचलून बाहेर पडले. महामार्गावरील पूल वाहून गेले, घराएवढे हिमखंड वाळूच्या मैदानात विखुरले. मनुष्यहानी मात्र झाली नाही. शास्त्रज्ञ पाण्याची पातळी मोजत होते, पूर कोठून येणार हे ठाऊक होते आणि त्या वाटेवर वस्ती नव्हती.

६/
दुसरा प्रकार : लाव्हा बर्फावरून वाहतो. हे दृश्य भयंकर दिसते, पण त्यातून मोठा पूर क्वचितच येतो. लाव्हा सावकाश सरकतो, त्याच्या पृष्ठभागावर कठीण कवच धरते आणि ते कवच आतील उष्णता अडवून ठेवते. धोका असतो तो अडकलेल्या वाफेचा. १६ मार्च २०१७ रोजी इटलीतील एटनावर लाव्हा बर्फावर पोहोचला, खाली वाफ कोंडली आणि स्फोट झाला. तेथे चित्रीकरण करणारे वृत्तवाहिनीचे पथक आणि काही पर्यटक त्यात जखमी झाले. हा धोका खरा असला, तरी तो जवळ उभ्या असलेल्यांपुरता.

७/
तिसरा प्रकार सर्वांत घातक. ज्वालामुखीच्या मुखातून तप्त राख, दगड आणि वायू यांचा लोट बाहेर पडतो आणि उतारावरून बर्फाला घासत, खरवडत, घुसळत धावतो. येथे उष्ण द्रव्य बर्फावर नुसते पडून राहत नाही, ते त्यात मिसळते. प्रत्येक तापलेला कण आपली उष्णता सभोवतालच्या बर्फाला देतो, आणि आठवड्यांचे काम मिनिटांत उरकते. २६ जून १८७७ रोजी एक्वाडोरच्या कोतोपाक्सी ज्वालामुखीवर हेच घडले. भाताचे आधण उतू जावे तसा तप्त लोट चहूबाजूंनी हिमाच्छादित उतारांवर सांडला. चिखलाच्या एका पुराने लाताकुंगा शहराची वाताहत केली, दुसरा पार पॅसिफिक महासागरापर्यंत पोहोचला. किटो येथील भूशास्त्रज्ञ तेओदोर वोल्फ यांनी त्याचे तपशीलवार वर्णन १८७८ मध्ये प्रसिद्ध केले.

८/
अशा पुराला शास्त्रात ‘लाहार’ म्हणतात. हा शब्द इंडोनेशियातील जावा बेटावरच्या भाषेतून आला. लाहार म्हणजे नुसते गढूळ पाणी नव्हे. तो ओल्या काँक्रीटसारखा दाट असतो आणि वाटेतली माती, वाळू, झाडे, घरे, मोटारीएवढे दगड उचलून घेत पुढे जातो. त्यामुळे साधा पूर जसा पुढे सरकताना पसरतो आणि ओसरतो, तसे लाहारचे होत नाही. अरुंद दरीत तो उतरताना वाढत जातो. त्याच्यापासून पळण्याची दिशा एकच : नदीच्या वाटेपासून दूर, आणि वर.

९/
आता नोंदींकडे वळू. पहिली नोंद १५९५ सालची. त्या वर्षी १२ मार्च रोजी रुईझचा उद्रेक झाला. फ्रान्सिस्कन पंथाचा धर्मोपदेशक आणि बखरकार पेद्रो सिमोन याने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा वृत्तान्त लिहून ठेवला. दूरवर ऐकू गेलेले तोफांसारखे धडाके, आकाशातून पडलेली राख, आणि त्यानंतर फुगलेल्या दोन नद्या : ग्वाली आणि लागुनिया. त्या नद्यांतून पाणी वाहत नसून राखेची आणि मातीची दाट लापशी वाहत होती, अशा आशयाचे वर्णन तो करतो. लागुनियाचे रूप अधिक उग्र होते. डोंगरातून बाहेर पडताच तिने दोन्ही बाजूंची जमीन गिळली. या आपत्तीत ६३६ माणसे दगावल्याचे नमूद आहे.

१०/
दुसरी नोंद १९ फेब्रुवारी १८४५ ची. सकाळी जमिनीखालून मोठा आवाज झाला आणि काही वेळाने लागुनियाच्या दरीतून चिखलाचा लोंढा आला. सुमारे १,००० माणसे मेली. कोलंबियाचे सैनिक, भूगोलवेत्ते आणि इतिहासकार होआकीन आकोस्ता यांनी त्याची माहिती पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवली आणि १८४६ मध्ये ती छापून आली. आकोस्तांनी टिपलेली एक गोष्ट विलक्षण आहे. चिखलाबरोबर बर्फाचे तुकडे एवढ्या प्रमाणात आले होते, की माग्दालेनाच्या उष्ण खोऱ्यातील लोकांना आपल्या दाराशी बर्फ पाहायला मिळाले. जन्मात हिमशिखरावर न गेलेल्या माणसाच्या अंगणात ते शिखरच उतरून आले होते. चिखल आला कोठून, याचे उत्तर त्या नोंदीतच लिहिलेले होते.

११/
चिखल वाळला. काही वर्षांत त्यावर गवत आले, मग शेते आली. ज्वालामुखीच्या राखेने समृद्ध झालेली ही जमीन अतिशय सुपीक असते. १८९५ मध्ये तेथे ‘सान लोरेन्झो’ नावाचे गाव स्थापन झाले; १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्मा होसे लेओन आर्मेरो याच्या स्मरणार्थ त्याचे नाव बदलण्यात आले. कापूस आणि भात यांवर शहर भरभराटीस आले. कापसामुळे त्याला ‘शुभ्र नगरी’ म्हणत. १८४५ च्या चिखलाने लागुनियाच्या तोंडाशी जो पंखा पसरला होता, त्याच पंख्यावर या शहराचे रस्ते, शाळा, रुग्णालय आणि चर्च उभे होते. शहराची समृद्धी आणि त्याचा धोका एकाच मातीतून आलेला होता.

१२/
नोव्हेंबर १९८४ पासून रुईझच्या माथ्याजवळ भूकंपाचे धक्के जाणवू लागले. गिर्यारोहकांना मुखातून अधिक वाफ निघताना दिसली. कोलंबियात त्या वेळी ज्वालामुखीवर सतत नजर ठेवणारी व्यवस्था नव्हती. भूकंपमापक यंत्रे मागवणे, ती बसवणे, त्यांच्या नोंदी वाचणारी माणसे शोधणे यांत अनेक महिने गेले. मानिसालेस या शहरातील नागरिक, स्थानिक संस्था आणि काही शास्त्रज्ञ यांनी पदरमोड करून, ओळखी वापरून हा पाठपुरावा चालवला. राजधानी बोगोता येथे या प्रश्नाला घाई आहे असे मोजक्यांनाच वाटत होते.

१३/
११ सप्टेंबर १९८५ रोजी मुखातून वाफेचा जोरदार स्फोट झाला आणि आसुफ्रादो नदीतून २७ किलोमीटरपर्यंत लाहार वाहत गेला. जणू रंगीत तालीमच. यानंतर सरकारी भूशास्त्र संस्थेने धोक्याचा नकाशा तयार करण्याचे काम घाईने हाती घेतले. ७ ऑक्टोबर रोजी तो सादर झाला. राख कोठे पडेल, तप्त लोट कोठवर जातील, लाहार कोणत्या नद्यांतून उतरतील, हे त्यावर दाखवले होते. लाहारच्या वाटेवर आर्मेरो स्पष्टपणे चिन्हांकित होते. पाच आठवड्यांनी जे घडले, ते या नकाशाशी आश्चर्यकारकरीत्या जुळले.

१४/
हा नकाशा अनेकांना रुचला नाही. तो घबराट पसरवतो, जमिनींच्या किमती पाडतो, व्यापाराचे नुकसान करतो, अशी टीका झाली. आर्मेरोचे महापौर रामोन रोद्रिगेस हे लागुनियाच्या वरच्या भागात दरड कोसळून साठलेल्या पाण्याबद्दल आणि ज्वालामुखीबद्दल सातत्याने वरिष्ठांचे लक्ष वेधत होते. त्यांना दाद मिळाली नाही. त्यातच ६ नोव्हेंबर रोजी ‘एम-१९’ या सशस्त्र संघटनेने बोगोतातील न्यायप्रासादावर कब्जा केला. सैन्याच्या प्रतिहल्ल्यात सुमारे १०० माणसे मारली गेली, त्यांत सर्वोच्च न्यायालयाचे ११ न्यायमूर्ती होते. राष्ट्राध्यक्ष बेलिसारियो बेतांकुर यांचे सरकार त्या धक्क्यातून सावरत असतानाच १३ तारीख उजाडली.

१५/
त्या दिवशी दुपारी ३ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ५ च्या सुमारास आर्मेरोवर राख पडू लागली. प्रांताची राजधानी इबागे येथे आपत्कालीन समितीची बैठक चालू होती. संध्याकाळी ७ च्या सुमारास रेड क्रॉसला शहर रिकामे करण्यासाठी सज्ज होण्याच्या सूचना गेल्या. परंतु लोकांच्या कानी पडत होते ते वेगळेच. स्थानिक रेडिओवरून आणि चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून शांत राहण्याचे, घरात थांबण्याचे आवाहन केले जात होते. राख पडत असताना घरात थांबणे, हा सल्ला राखेपुरता योग्यच होता. पण आर्मेरोला धोका राखेचा नव्हता. थोड्या वेळाने राख थांबली, पाऊस सुरू झाला आणि शहर सोडण्याचा विषय मागे पडला.

१६/
रात्री ९ वाजून ८ मिनिटांनी मुख्य उद्रेक झाला. माथा ढगांत होता. खालून काहीच दिसले नाही. तप्त राख आणि दगडांचे लोट हिमटोपीवरून धावले. उद्रेकानंतर थॉमस पीअरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून पुढचे चित्र स्पष्ट झाले. सुमारे १० चौरस किलोमीटर बर्फाला ही उष्णता भिडली. काही मिनिटांतच सुमारे २ कोटी घनमीटर पाणी नद्यांच्या वरच्या दऱ्यांत उतरले. त्याने दऱ्यांच्या तळाशी साचलेली माती, वाळू आणि दगड उचलले. काही लाहारांचे आकारमान वाटेत चौपटीपर्यंत वाढले. शेवटी खाली पोहोचलेल्या चिखलाचा एकूण अंदाज सुमारे ९ कोटी घनमीटर. जास्तीत जास्त सरासरी वेग सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी ६० किलोमीटर.

१७/
एवढे सगळे करण्यासाठी रुईझला आपले सारे बर्फ लागले नाही. हिमटोपीच्या क्षेत्रफळाचा सुमारे सहावा भाग आणि एकूण बर्फाचा जेमतेम दहावा भाग त्या रात्री नाहीसा झाला. पीअरसन आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष आज प्रत्येक ज्वालामुखीशास्त्रज्ञाला शिकवले जातात. उद्रेक लहान असला तरी लाहार महाकाय असू शकतो. बर्फ किती जाड आहे यापेक्षा त्याचा किती पृष्ठभाग उष्णतेला सापडतो, हे अधिक महत्त्वाचे. आणि दरीत कोंडलेला लाहार १०० किलोमीटरवरही तितकाच घातक ठरू शकतो.

१८/
रुईझच्या मुखापासून आर्मेरोपर्यंतचे अंतर सुमारे ७४ किलोमीटर. लाहार तेथे पोहोचला रात्री ११ वाजून २५ मिनिटांनंतर. मधे सव्वादोन तासांहून अधिक वेळ होता. शहराच्या कडेला टेकड्या होत्या. उंचावर जायला वाहनांची गरज नव्हती, पायी चालत जाणे शक्य होते. परंतु वादळी पाऊस होता, वीज जात-येत होती, दूरध्वनी आणि बिनतारी संपर्क अपुरे होते. काही इशारे निघाले, काही वाटेतच अडकले. आणि जे पोहोचले, ते ऐकून ‘आता निघा’ असे शहराला ठामपणे सांगणारे कोणी नव्हते.

१९/
आधी थंड पाण्याचा पूर रस्त्यांवर आला. मग चिखलाच्या लाटा आल्या, एकामागून एक. अर्ध्या तासात शहराचा बहुतांश भाग गाडला गेला. २९,००० पैकी २०,००० हून अधिक माणसे मेली. महापौर रोद्रिगेस त्यांत होते. पर्वताच्या पश्चिमेला चिंचिना नदीतून उतरलेल्या लाहारने आणखी सुमारे १,९०० बळी घेतले. सकाळी विमानातून पाहणाऱ्यांना शहराच्या जागी करड्या चिखलाचे मैदान दिसले. बचावकार्य तोकडे पडले. कमरेपर्यंत चिखलात असलेल्यांपर्यंत पोहोचायला ना साधने होती, ना पुरेशी माणसे.

२०/
१३ वर्षांची ओमायरा सांचेझ आपल्या घराच्या ढिगाऱ्यात, पाण्यात अडकली होती. सुमारे ६० तास ती जिवंत होती, लोकांशी बोलत होती. तिला सोडवण्यासाठी लागणारे पंप आणि शल्यक्रियेची साधने वेळेत आली नाहीत. फ्रेंच छायाचित्रकार फ्रँक फोर्निये याने टिपलेले तिचे छायाचित्र जगभर पोहोचले आणि त्याला ‘वर्ल्ड प्रेस फोटो’चा सन्मान मिळाला. त्यावरून मोठा वादही झाला : छायाचित्रकार तेथे पोहोचतो, मग पंप का पोहोचत नाही? या प्रश्नाचा रोख छायाचित्रकारावर नव्हे, व्यवस्थेवर असायला हवा होता. बहुतेक वाचकांना आर्मेरो माहीत असते ते या एका छायाचित्रामुळे. पण त्या चेहऱ्यामागे सव्वादोन तास होते, पाच आठवडे होते, आणि १४० वर्षेही होती.

२१/
अमेरिकन भूशास्त्रज्ञ बॅरी व्हॉइट यांनी १९९० मध्ये या आपत्तीचे शवविच्छेदन म्हणावे असा प्रबंध लिहिला. त्यांच्या मते दोष तंत्रज्ञानाचा नव्हता, उद्रेक आवाक्याबाहेरचा नव्हता आणि हे केवळ दुर्दैवही नव्हते. चुकीचे अंदाज, निर्णय घेण्यातली चालढकल आणि नोकरशाहीची आखूड दृष्टी या मानवी चुका साचत गेल्या. लवकर शहर रिकामे करण्याचा आर्थिक आणि राजकीय भार उचलण्यास कोणी तयार नव्हते. इशारा खोटा ठरला तर काय, ही भीती इशारा खरा ठरला तर काय, या भीतीहून मोठी ठरली.

२२/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक गोष्ट जोडावीशी वाटते. १५९५ आणि १८४५ च्या नोंदी हरवलेल्या नव्हत्या. १९८५ चा नकाशा करताना भूशास्त्रज्ञांनी जुन्या चिखलाच्या थरांबरोबर या लिखित साधनांचाही आधार घेतला. म्हणजे ज्यांना वाचायच्या होत्या, त्यांना त्या सापडल्या. परंतु त्या होत्या बखरीत आणि फ्रेंच नियतकालिकात. १८४५ मध्ये ज्यांनी तो चिखल पाहिला, ते बहुतेक त्यातच गेले. नंतर जे आले, ते कापसाच्या शेतांसाठी आले. त्यांच्या आजीच्या गोष्टींत लागुनियाचा चिखल नव्हता. दोन पुरांमध्ये २५० आणि १४० वर्षांचे अंतर. पाच-सहा पिढ्या गप्प राहिल्या, की नदीचा स्वभाव गावाच्या स्मरणातून जातो. कागद उरतो, पण कागद कोणाला हाक मारत नाही.

२३/
आर्मेरोनंतर काय बदलले? मानिसालेस येथे कायमस्वरूपी ज्वालामुखी वेधशाळा उभी राहिली. अमेरिकेने इतर देशांना अशा प्रसंगी तातडीची मदत देणारा ज्वालामुखी आपत्ती सहाय्य कार्यक्रम १९८६ मध्ये सुरू केला. फ्रेंच ज्वालामुखीशास्त्रज्ञ मॉरिस क्राफ्ट यांनी तप्त लोट आणि लाहार म्हणजे नेमके काय, हे सामान्य माणसाला डोळ्यांनी दिसावे म्हणून चित्रफीत तयार केली. १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबो जागा झाला, तेव्हा अधिकाऱ्यांना आणि लोकांना ती दाखवण्यात आली. १५ जूनच्या महाउद्रेकापूर्वी हजारो लोक हलवले गेले होते. क्राफ्ट आणि त्यांची पत्नी कातिया हे त्यापूर्वी १२ दिवस, जपानच्या उन्झेन ज्वालामुखीवर मृत्युमुखी पडले होते.

२४/
खरी कसोटी कोलंबियातच लागली. नेवादो देल उईला हा आणखी एक हिमाच्छादित ज्वालामुखी २००७ मध्ये शेकडो वर्षांच्या झोपेतून जागा झाला. त्याच्या पायथ्याशी पाएस नदीच्या खोऱ्यात नासा या आदिवासी समाजाची वस्ती आहे. याच खोऱ्यात ६ जून १९९४ रोजी भूकंपानंतर दरडी कोसळून चिखलाचे पूर आले होते आणि १,००० हून अधिक माणसे गेली होती. २००७ आणि २००८ मध्ये उईलावरून लाहार उतरले. त्यांतले बरेचसे पाणी पर्वताच्या पोटातील भेगांतून आले. नोव्हेंबर २००८ चा लाहार रुईझच्या लाहारपेक्षा मोठा होता. एप्रिल २००७ मध्ये एकही माणूस मेला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये सुमारे १० जण मेले. नदीकाठी संवेदक बसवलेले होते, भोंगे होते. आणि भोंगा वाजला की कोणत्या टेकडीवर चढायचे, हे लोकांना पाठ होते. १९९४ पाहिलेली माणसे अजून घराघरांत होती.

२५/
हा फरक पुरेसा बोलका आहे. आर्मेरोत नोंद होती, स्मृती नव्हती. पाएसच्या खोऱ्यात स्मृती ताजी होती, आणि तिला यंत्रांची जोड मिळाली. पण ताजी स्मृती हे केवळ भाग्य आहे. शेवटची आपत्ती १३ वर्षांपूर्वीची असेल तर आठवण ठेवणे सोपे. ती १४० वर्षांपूर्वीची असेल तर ती कोणीतरी मुद्दाम सांगावी लागते, दर पिढीला नव्याने, त्या गावच्या भाषेत. नकाशे बनवणे भूशास्त्रज्ञांचे काम आहे. ‘हे याच नदीत, याच ठिकाणी, अमुक साली घडले होते’ हे सांगणे इतिहासाचे.

२६/
रुईझ आजही जागा आहे. मार्च २०२३ च्या अखेरीस त्याच्या पोटातील भूकंप एकाएकी वाढले, नारिंगी इशारा जाहीर झाला आणि सरकारने उतारावरील सुमारे २,५०० कुटुंबांना हलण्यास सांगितले. अनेक शेतकऱ्यांनी नकार दिला : गुरे कोण सांभाळणार, बटाट्याचे शेत कोणावर सोडायचे? मोठा उद्रेक झाला नाही आणि काही महिन्यांनी इशारा खाली आणण्यात आला. हिमटोपी आता १० चौरस किलोमीटरपेक्षाही लहान झाली आहे. त्यामुळे धोका संपला असे कोणी म्हणत नाही, कारण १९८५ मध्येही एक दशांशच बर्फ पुरेसे झाले होते.

२७/
आर्मेरो पुन्हा वसवले गेले नाही. वाचलेले लोक आसपासच्या गावांत आणि शहरांत विखुरले. जुलै १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या जागी येऊन प्रार्थना केली. ते मैदान आता दफनभूमी मानले जाते. झाडांनी वेढलेल्या घरांच्या वरच्या मजल्यांचे काही अवशेष तेवढे दिसतात, खालचे मजले जमिनीत आहेत. दर वर्षी १३ नोव्हेंबरला लोक तेथे जमतात आणि आपापले घर जेथे होते त्या जागेचा अंदाज घेऊन फुले ठेवतात. पुढच्या १४० वर्षांसाठी ही नोंद आता कागदावर नाही, जमिनीवर आहे.